बेमालूम सांधा

शेवटचं गाणं सुरू झालं तशी कात्रीची चुळबुळ वाढली. थिएटरच्या मागच्या रांगेत, दाराला लागून ती बसली होती. पाय एकदा आखडून घेतले, एकदा लांब केले, पर्सची चेन उघडली, लावली. शेजारच्या दिग्दर्शकाने बाहेर जायचंय का म्हणून विचारलं, तर नुसती मान हलवली.

कात्री हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण स्टुडिओत सगळे तिला तेच म्हणत. ध्वनिमुद्रणातला खोकला, खरखर, घसरलेला सूर तिच्या कानातून सुटत नसे आणि तिच्या हातून वाचत नसे. एका गाजलेल्या बँडच्या मैदानावरच्या कार्यक्रमाचा हा चित्रपट. त्याचा सगळा आवाज तिने अकरा आठवडे घासूनपुसून लख्ख केला होता. शुक्रवारी तो सगळीकडे लागणार होता. आजचा सकाळचा खेळ मात्र त्या दिवशी मैदानात हजर असलेल्या चाहत्यांसाठी होता. जुनं तिकीट दाखवा आणि आत या. कल्पना दिग्दर्शकाची. जाहिरातीसाठी त्याला त्यांचे खूश झालेले चेहरे हवे होते.

चाहते पहिल्या गाण्याला उभे राहिले ते उभेच होते. खुर्च्या त्यांच्या बॅगा सांभाळत होत्या. डोअरकीपरने दोनदा टॉर्च मारून पाहिला, मग तोही नाद सोडून भिंतीला टेकला आणि पायाने ठेका धरू लागला. दिग्दर्शकाचा जीव भांड्यात पडला. कात्रीचा मात्र अजून पडायचा होता, कारण चौदा सेकंदांची ती जागा अजून यायची होती.

त्या दिवशी शेवटच्या गाण्यात गायकाचा घसा बसला होता. चढ्या सुरातल्या ओळीला आवाज फुटेना, तेव्हा तो माइकपासून मागे सरला आणि पाठ करून उभा राहिला. ती ओळ मैदानाने म्हटली. वीस हजार माणसांनी, ज्याच्या त्याच्या पट्टीत. पडद्यावर हे बरं दिसणार नाही, असं दिग्दर्शकाचं म्हणणं पडलं. मग कात्रीने सकाळच्या तालमीतली ओळ उचलून तिथे बसवली, प्रेक्षकांवर रोखलेल्या माइकचा आवाज बंद केला, आणि तेवढ्या वेळात पडद्यावर गिटारवाल्याची बोटं आली. सांधा बेमालूम होता. तरी हे लोक तिथे होते. त्यांना तो ऐकू येईल, एवढीच तिला धास्ती.

जागा आली. थिएटर एकदम गप्प झालं. मग सगळ्यांनी मिळून श्वास घेतला, आणि तो तिला मागे स्पष्ट ऐकू आला. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. तो तिनेच पुसला होता.

पडद्यावर बोटं नाचली आणि गायकाने ओळ म्हटली, स्वच्छ, सुरेल. उघडलेली तोंडं तशीच राहिली. दोघं-तिघं खाली बसले.

पुढच्या रांगेत गणवेशातला एक बसड्रायव्हर होता आणि त्याच्या शेजारी त्याची थोरली बहीण, ड्यूटीवरून थेट आलेली नर्स.

"ताई, इथं आपण होतो ना?" त्याने हळूच विचारलं.

"होतो की," ती म्हणाली. आणि पर्समधलं चुरगळलेलं तिकीट काढून पडद्याच्या उजेडात तारीख वाचू लागली.

सांधा कुणालाच ऐकू आला नव्हता. कात्रीला लाज वाटली.

खेळ संपला. शाळेच्या बक्षीस समारंभात वाजवतात तशा बेताच्या टाळ्या पडल्या. बाहेर जिन्याजवळ दिग्दर्शक कॅमेरा लावून प्रत्येकाला कसं वाटलं ते विचारत होता आणि प्रत्येक जण छान म्हणून सटकत होता. नर्स तेवढी थांबली. शेवटच्या गाण्यातली आमची ओळ कुठं गेली, असं तिने विचारलं. दिग्दर्शकाने तोंडभर हसून सांगितलं की नेमके त्याच वेळी प्रेक्षकांवरचे माइक बंद पडले, शेवटी यंत्रच ते, त्या ओळीचं काही म्हणता काही हाती लागलं नाही. नर्सने मान डोलावली. तिकिटाची घडी घातली, ती पर्समध्ये नीट ठेवली आणि भावाला चल म्हणाली.

कात्री दोन पावलांवर उभी होती. दिग्दर्शकाचे पुढचे दोन चित्रपट तिच्याकडेच यायचे होते. मूग गिळून बसणं तिला कठीण नव्हतं, अकरा आठवडे जमलं होतं.

"आहे," ती म्हणाली. "माझ्याकडे आहे."

दिग्दर्शकाचं हसू होतं तिथेच थिजलं. तिने त्याच्याकडे बघायचं टाळलं. शुक्रवारला तीन दिवस आहेत, परत बसवायला एक दुपार पुरे, हेही तिने सगळ्यांदेखत सांगून टाकलं. कॅमेरा चालूच होता.

नर्स मागे वळली. 

"कसे ऐकू येतो आम्ही?"

कात्रीने हातांनी पुष्कळ खोटं केलं होतं. तोंडाने तिला जमत नसे.

"बेसूर," ती म्हणाली. "फार बेसूर."

नर्सने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग कठड्यावरून वाकून तिने भावाला हाक मारली. तो निम्मा जिना उतरून गेला होता.

"अरे थांब. आहोत आपण."