मानाची पाटी

तीन महिन्यांत तिसऱ्यांदा त्याच ट्रकच्या पॉवर स्टिअरिंगचं तेल गळायला लागलं आणि वर्कशॉपात सगळे माझ्याकडेच संशयाने बघायला लागले. मग मीही हट्टाला पेटलो. खालचा सगळा भाग पुसून लख्ख केला, ड्रायव्हरला इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहायला सांगितलं आणि टॉर्च घेऊन गाडीखाली शिरलो. चोर सापडला! समोरच्या जाळीवर ‘सर्वांत सुरक्षित ट्रक’ अशी पितळी पाटी होती. तिचा लांबलचक बोल्ट आतून तेलाच्या नळीला घासत होता.

“बोल्ट अर्धा इंच कापतो, दोन मिनिटांचं काम आहे,” मी मॅनेजरना म्हणालो.

“पाटीला हात लावायचा नाही!” ते दचकलेच. “मोठ्या साहेबांनी स्वतःच्या हाताने बसवलीय ती. तुम्ही आपली नळी बदलत जा.”

झालं! दर महिन्याला नवी नळी, न चुकता.

वर्षअखेरीस सर्वांत नियमित देखभालीचा मानही याच ट्रकला मिळाला. मोठे साहेब आले, जाळीच्या दुसऱ्या बाजूला त्यांनी दुसरी पाटी लावली आणि तसलाच लांब बोल्ट स्वतः आवळला. टाळ्यांच्या कडकडाटात ड्रायव्हर माझ्या कानाशी लागला, “मिस्त्री, या बाजूला आतून काय जातं हो?”

 

“ब्रेकची नळी.”