खांबाखालची घडी

होबार्टच्या घरी, कपडे धुवायच्या खोलीत अंधार करून मी सकाळपासून बाबांच्या जुन्या एनलार्जरशी, फोटो मोठे करायच्या यंत्राशी, झुंजत होते. यंत्र उघडून पुसलं, स्क्रू आवळले, खांब ओळंब्यात आणला, तरी फोटोचा डावा कोपरा धूसर तो धूसरच. आणि नेमकी तिथेच तरुण आई उभी. बाबांनी काढलेला तोच फोटो उद्या त्यांच्या शवपेटीवर ठेवायचा होता. “जीव नकोसा केलाय या खटाऱ्याने,” मी करवादले. आईने चहा ठेवला. “खांबाखालची पाचर कुठंय?” “मळक्या कागदाची घडी होती. टाकली.” “टाकायला कुणी सांगितलं? खांब मुळातच वाकडा आहे, तुझ्या बापासारखा.” तिने केराच्या बादलीतून घडी शोधून खांबाखाली सरकवली. कोपरा लख्ख झाला. “मी भांडून माहेरी निघाले होते, त्या बोटीचं तिकीट हे,” आई म्हणाली. “तुझ्या बापाने ते इथे खुपसलं, काढलंस तर फोटो बिघडतील म्हणाला. मग काय, राहिले.”