थुंकायचं भांडं

"घोट तोंडात घोळवायचा, चव घ्यायची आणि या भांड्यात थुंकायचा," नाशिकजवळच्या वायनरीतल्या मुलीनं समजावलं. परतीच्या वाटेवर गाडी शिरीषच चालवणार होता. त्यानं पहिला घोट इमानेइतबारे थुंकून टाकला.

जयंताला हसू आवरेना. "अरे लेका, चारचौघांत थुंकतोस? तुझ्या आईनं कधी तोंडातला घास टाकू दिला होता का?" बाकीचे दोघे मित्र खो-खो हसले. वाइन ओतणारी मुलगीसुद्धा हसली. शिरीषचे कान लाल झाले. पुढचे सगळे घोट त्यानं गुमान गिळले. वर पंगतीत जिलबी वाढावी तसे जयंतानं आग्रह करकरून भरलेले दोन ग्लासही रिचवले.

घाटात गाडी कठडा तोडून खाली गेली. तिघांचं हातपाय मोडण्यावर निभावलं. शिरीषचं नाही.

संध्याकाळी इस्पितळात शिरीषची बायको जयंताच्या खाटेपाशी येऊन बसली. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"भावजी, एकच सांगा. थेंबसुद्धा पोटात जाऊ देणार नाही, असा शब्द देऊन निघाले होते हे. पाळला ना?"

जयंतानं प्लास्टरमधल्या हाताकडे पाहिलं. "पाळला, वहिनी. भांड्यात थुंकत होता. मी तर चेष्टाही केली त्याची."

तिनं पदरानं डोळे पुसले. कितीतरी वेळानं तिच्या चेहऱ्यावरचा ताण सैलावला.

"वाटलंच मला. तुमची चेष्टा मनावर घेणारे नव्हतेच ते."