पंखा बंद कर

खट्ट. पंख्याचं बटण बंद झालं आणि खोलीतली घरघर थांबली. सासूबाईंचा श्वास थांबला होता, पण हाताची ऊब अजून गेली नव्हती. सुनेने त्यांच्या पापण्या मिटल्या, वर ओल्या कापसाचे बोळे ठेवले, डोक्याखाली आणखी एक उशी सरकवली. मग नेत्रपेढीला फोन लावला.

"वहिनी, आधी रडून तरी घे," नणंद दारातून म्हणाली. "टपून बसल्यासारखं काय चाललंय?"

तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पंख्याच्या वाऱ्याने डोळे सुकतात, आणि सुकले की वाया जातात. हा धडा खुद्द सासूबाईंनीच तिच्याकडून घोकून घेतला होता. "वेंधळी आहेस तू. रडत बसशील नि पंखा तसाच गरगरत राहील. माझे डोळे नातीचे आहेत, सांगून ठेवते."

नात तापातून उठली ती दोन्ही बुबुळांवर पांढरा पडदा घेऊन. माणसं ओळखायची ती गालावरून हात फिरवून. आजी तिला मांडीवर घेऊन म्हणायची, "मी मेले ना, की तुला सगळं लख्ख दिसेल." दोघी खिदळायच्या. पोरीच्या आईला मात्र हसू येत नसे. अलीकडे सासूबाईंचा खोकला वाढला की तिच्या मनात आशा डोकं वर काढायची, आणि त्या आशेची तिला शिसारी यायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांचा फोन आला.

"तुम्ही सगळं वेळेत केलंत, ताई. पण आजींचं वय, त्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन. बुबुळ नितळ ठेवणाऱ्या आतल्या पेशी फार विरळ झाल्यात. त्या पुन्हा तयार होत नाहीत. बसवलं तरी थोड्याच दिवसांत धुरकट होईल."

"थोडे दिवस तर थोडे दिवस. बसवा."

"एकदा फसलं की दुसरं बुबुळ शरीर सहजी धरत नाही. पोरीची चांगली संधी मी यावर घालवणार नाही. थांबू या. दुसरं मिळेल."

"कधी? लहानपणी दिसलं नाही तर मेंदू बघायचंच विसरतो, हे तुम्हीच म्हणाला होतात ना?"

डॉक्टर पुन्हा एवढंच म्हणाले, "थांबू या."

तिने फोन ठेवला. पंखा कालपासून बंदच होता, घर घामाने चिकट झालं होतं. भिंत चाचपत पोर आली. आईच्या गालावरून तिने हात फिरवला, तो ओला झाला.

"आजीचे डोळे मला नाही बसणार?"

"नाही गं, राणी. फार थकले होते ते."

पोरीने आईच्या मिटलेल्या पापणीवर अलगद बोट ठेवून विचारलं,

"मग आई, आता कोण मरणार?"