सिमल्याच्या बर्फावर

"मलाही ते पात्यांचे बूट हवेत," सिमल्याच्या स्केटिंग रिंकसमोर सासूबाई म्हणाल्या.

"या वयात? बार्शीला प्लास्टर घालून जायचंय का?" सासरे कडाडले आणि त्यांनी पाठ फिरवली.

सासूबाईंनी माझ्यासोबत भाड्याचे बूट चढवले, साडी वर खोचली, माझा हात धरला आणि बर्फावर पाऊल ठेवलं. पहिल्याच झटक्याला आम्ही दोघी आपटलो. मी घाबरले, पण त्या खदखदा हसत होत्या. उठल्यावर म्हणाल्या, "आता सोड गं मला!"

मी हात सोडला. दोन्ही हात पसरून त्या डुलत डुलत निघाल्या आणि पलीकडच्या कठड्याला जाऊन धडकल्या. तिथूनच ओरडल्या, "अहो, पाहिलंत का?"

सासऱ्यांनी पाहिलं होतं. चष्मा काढून त्यांनी माझ्या नवऱ्याच्या हातात दिला आणि बूटवाल्याला विचारलं, "भैया, हमारे माप का बूट है क्या?"