अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी

"हळू! कडेनं धर, कडेनं!" काका ओरडले. "बोटं उमटली तर तुझा बाप वरून खाली येईल."

"येऊ देत," ती म्हणाली आणि रेकॉर्ड त्यांच्या हातात दिली. "आले की त्यांनाच सांगा खोकी भरायला."

उद्या सकाळी घराच्या किल्ल्या द्यायच्या होत्या. भांडी गेली होती, पलंग गेला होता, आईची शिलाई मशीनही गेली होती. वडिलांचं एक कपाट तेवढं उरलं होतं. त्यात नुसत्या प्रोग्रेसिव्ह रॉक या विलायती संगीताच्या रेकॉर्ड्स होत्या, ज्या साली घेतल्या त्या क्रमानं लावलेल्या. त्या काका नेणार होते. काका म्हणजे वडिलांचे छापखान्यातले दोस्त. वडील टाइप जुळवायचे, काका मशीन चालवायचे. काम खरं तर चुटकीसरशी व्हायचं. पण काका एकेक रेकॉर्ड बाहेर काढत, खिडकीपाशी नेत, तिरकी धरून बघत, फुंकर मारत आणि वर त्या रेकॉर्डवर भाषण देत. दुपार सरत चालली होती आणि पहिलं खोकंही भरलं नव्हतं.

"अगं, यांच्यावरून आम्ही रोज जेवणाच्या सुट्टीत भांडलोय. मशीनच्या धडधडाटात, घसा फोडून. सत्तरचं दशक संपता संपता जे अल्बम आले, त्यांत एक नंबर कुठला?"

"मग ठरला का?"

"कुठला ठरतोय! मी म्हणायचो, या अल्बमांचा जीव दुसऱ्या बाजूत आहे. पहिल्या बाजूला नुसती मांडामांड. उलटलं की एकच लांबलचक रचना, थेट बाजू संपेपर्यंत. तर तुझा बाप म्हणायचा, ते सगळं पाल्हाळ आहे. पहिली बाजू ऐकावी आणि उठावं. रिटायर झालो तरी फोनवर तेच. हट्टी बैल!"

ती हसली नाही. चिकटपट्टीचं टोक सापडत नव्हतं. ती नखानं ते उकरत राहिली.

वडील जाऊन दीड महिना झाला होता आणि ती अजून रडली नव्हती. भेटायला येणारे म्हणत, फार प्रेमळ माणूस. ती मान हलवायची आणि पाणी आणायला आत जायची. तिला आठवायचे ते वडील वेगळे होते. संध्याकाळी कामावरून आले की ते हात घासून घासून धुवायचे, तरी नखांत शाई राहायचीच. मग खुर्चीत बसून हेडफोन लावायचे. ती दारात जाऊन उभी राहायची. कधी चित्र दाखवायचं असायचं, कधी दात हलत असायचा, कधी काहीच नसायचं. वडील तिच्याकडे बघून एक बोट वर करायचे. थांब. आई दंडाला धरून तिला मागे ओढायची, "बाजू संपू दे गं त्यांची." पुढचं काही तिला आठवत नसे. आठवायचं ते बोट. ती स्वतः आई झाली, केस पांढरे व्हायला लागले, तरी ते बोट डोळ्यांसमोरून हललं नव्हतं.

शहाण्णव साली, ती नुकती कॉलेजात गेली असताना, रेकॉर्ड प्लेअर बिघडला. सुटा भाग मिळाला नाही. वडील त्यावर इस्त्री ठेवायला लागले. तेव्हा तिला बरंच वाटलं होतं.

"काका, आता बघत काय बसलात? सगळ्याच न्या. मला एकही नको. या घरात माझ्यापेक्षा यांचेच लाड जास्त झाले."

काका खिडकीपाशीच होते. त्यांच्या हातात सत्त्याहत्तर सालची एक रेकॉर्ड होती. तिच्या दोन्ही बाजू सुईनं घासून करड्या पडल्या होत्या. ती त्यांनी बाजूला ठेवली आणि पुढची काढली. अठ्ठ्याहत्तरची. पहिली बाजू तशीच करडी. त्यांनी ती उलटली. दुसरी बाजू काळीभोर होती, दुकानातून आत्ताच आणल्यासारखी.

"हिच्यावर सुई टेकलेलीच नाही," काका म्हणाले.

त्यांनी आणखी एक काढली. मग आणखी एक. मग ते खालीच बसले आणि कडेनं धरायचं विसरून भराभर कव्हरं रिकामी करू लागले. अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी. सगळ्या तशाच.

"लबाड!" काकांचा आवाज फाटला. "पाल्हाळ म्हणे! अरे, ऐकलंस तरी का कधी? जन्मभर माझ्याशी अर्ध्या अल्बमवर भांडला हा माणूस!"

"काका, जाऊ द्या. गेलेल्या माणसावर कशाला चिडायचं?"

"का नाही चिडायचं? आधीच्या बघ, सगळ्या पुरत्या ऐकल्यात. आणि ज्यांच्यावर जीव टाकायचा, त्या मात्र अर्ध्या. उठून उलटायची आणि परत बसायचं, एवढंच तर काम. अशी काय घाई होती याला? अठ्ठ्याहत्तर सालापासून याला रोज मधूनच उठवायला कोण आलं होतं?"

तिनं त्यांच्या हातातली रेकॉर्ड घेतली. ती कव्हरमध्ये सरकवायला गेली, पण काही केल्या रेकॉर्ड आत जाईना. शेवटी तिनं ती तशीच छातीशी धरली.

"मी," ती म्हणाली.