फौजींची खोली

बेलीफ शामराव जप्तीचा हुकूम घेऊन दारात उभे राहिले, पण आत पाय ठेवायला जागा नव्हती. एकट्या माणसाच्या खोलीत तीन कपाटं, पंख्यांचा ढीग, शिलाई मशीन आणि पाळणा. गुणाजी तावड्यांचं लग्नच झालेलं नव्हतं. ते स्वतः गॅलरीत झोपत.

एकाहत्तरच्या लढाईत त्यांचा उजवा हात गेला. त्याचं पेन्शन येई. "माझ्या पेन्शनला कोर्टसुद्धा हात लावू शकत नाही," असं ते ऐटीत सांगत. ते खरंही होतं. काळाचौकीच्या त्या चाळीने ते आपल्या सोयीने वाढवलं: फौजींच्या खोलीलाच कोर्ट हात लावत नाही. गिरण्यांचा संप लांबला. जप्तीची कुणकुण लागली की ज्याचं त्याचं सामान गुणाजींकडे यायचं. त्यांनी कोणाला अडवलं नाही. मान मिळत होता. म्हणूनच तर गणपतीच्या मांडवाच्या उधारीला मंडळाने त्यांना जामीन ठेवलं. संपात वर्गणी कसली जमते? मांडववाला कोर्टात गेला.

"पेन्शन तुमचंच, साहेब," शामराव अदबीने म्हणाले. "सामान मात्र न्यावं लागेल."

"मशीन माझं आहे!" शेजारची शेवंती धावत आली. नवरा संपात, घर तिने शिवलेल्या ब्लाउजांवर चाललं होतं.

"बाई, मागच्या महिन्यात मी तुमच्याकडे जप्तीला आलो, तेव्हा मशीन फौजींचं म्हणून सही केलीत. अख्ख्या चाळीने माना डोलावल्या."

"मीपण," गुणाजी पुटपुटले.

शामरावांनी मशीनकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "साहेब, तुम्हाला शिवता येतं? येत असेल तर सोडतो."

"ओ भावजी, सांगा ना, येतं म्हणून!"

गुणाजींनी आपल्या रिकाम्या बाहीकडे पाहिलं. शामरावांनीही पाहिलं. बाही नीट दुमडून टीप मारलेली होती. शेवंतीनेच मारून दिली होती, याच मशीनवर, फुकट.

गुणाजी दारातून बाजूला झाले.

सामान हातगाडीवर चढलं. सगळ्यात वर पाळणा. शेवंती गाडीमागे चाळीच्या फाटकापर्यंत गेली. "शिवता येतं का, असं का विचारलंत हो?"

"पोटापाण्याचं हत्यार जप्त करता येत नाही, बाई," शामराव म्हणाले. "तुमच्या खोलीत असतं, तर त्याला कोर्टसुद्धा हात लावू शकलं नसतं."